हॅलला गुपित कोणी सांगितलं?

"आजोबा, अंगठा जरा केसांवर घासा. तेल लागलं की घेतं कधी कधी."

ऐरोलीतलं एक सुविधा केंद्र, नोव्हेंबरातली सकाळ, काउंटरवर विशीतली मुलगी. बाबांनी अंगठा डोक्यावर घासला. घासण्याजोगे केस आता फारसे नाहीत, तरी घासला. काचेवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मग डावा अंगठा, मग तर्जनी, मग रांगेने सगळी बोटं. बाबांनी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांमध्ये एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. फ्लँज उघडा, ग्लँड भरा, एमरी पेपर मारा. त्या बोटांवर ठसा म्हणावा असा ठसा राहिलेला नाही. हवा होता हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहावी म्हणून आपण अजून आहोत असं सांगणारा कागद.

"सिस्टीम घेत नाहीये," मुलगी म्हणाली. "उद्या येऊन बघा."

"उद्यापर्यंत असलो तर येतो," बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, घरी '२००१: अ स्पेस ओडिसी' लागला. लावला भाचीने. ती महापेला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि तिच्या ऑफिसात एआयचा विषय निघाला की या १९६८ च्या सिनेमाचं नाव निघतंच म्हणे. चित्रपट सुरू होतो तेव्हा जवळजवळ तीन मिनिटं पडदा काळा असतो. नुसतं लिगेटी या संगीतकाराचं संगीत घुमत राहतं. दुसऱ्या मिनिटाला बाबा उठले आणि टीव्हीमागची वायर हलवून आले. पुढे माकडांपाशी त्यांचा डोळा लागला. पहिली पंचवीसेक मिनिटं चित्रपटात कोणी बोलतच नाही, तेव्हा त्यात त्यांचा दोष नाही. जाग आली ती यान दिसल्यावर. ते मोठं फिरतं चाक, त्याच्या आतून पळणारा अंतराळवीर. बाबा ताठ बसले. "हे बेअरिंगवर फिरवलंय," म्हणाले.

खरंच बेअरिंगवर फिरवलं होतं. पण ते पुढे.

आधी माझं म्हणणं सांगतो. या चित्रपटाची गोष्ट पन्नासहून अधिक वर्षं एकाच पद्धतीने सांगितली जाते: माणसाने हुशार यंत्र केलं, यंत्र माणसावर उलटलं. हॅल ९००० नावाचा संगणक, त्याचा लाल डोळा, थंड आवाज, एकेक अंतराळवीर मारणं. आज एआयची भीती घालायची असली की हाच लाल डोळा छापतात. मला हे वाचन चुकीचं वाटतं, आणि नुसतं चुकीचं नाही, तर काही लोकांच्या फार सोयीचं वाटतं. यंत्र उलटलं म्हटलं की यंत्राला आज्ञा देणारा माणूस चित्रातून निघून जातो. चित्रपटात तो माणूस आहे. त्याला नाव आहे, कोट आहे, आणि तो एक मीटिंग घेतो.

ती मीटिंग बघताना बहुतेकांना जांभई येते. चंद्रावरच्या तळावर डॉक्टर फ्लॉइड नावाचे बडे अधिकारी येतात. चंद्राच्या पोटात एक काळी शिळा सापडली आहे, कोणीतरी लाखो वर्षांपूर्वी मुद्दाम पुरलेली. जगापासून हे लपवायचं म्हणून तळावर साथ आली आहे अशी अफवा सोडलेली आहे. फ्लॉइड अगदी गोड बोलतात. तुमची अडचण मला समजते, मलाही हे खोटं अवघड वाटतं, वगैरे. आणि मग, जाता जाता, ज्याला ज्याला हे ठाऊक आहे त्याच्याकडून गुप्ततेची शपथ लेखी घ्यायची आहे असं सांगतात. टेबल, खुर्च्या, शिष्टाचार, लेखी शपथ. आपल्याकडच्या कुठल्याही आढावा बैठकीत बसलेल्या माणसाला हा सीन कळेल. चित्रपटातला खरा गुन्हा इथे घडतो, रक्ताचा थेंबही न सांडता.

मग गुरूकडे निघालेलं यान. त्यात जागे दोघं, गोठवून झोपवलेले तिघं, आणि हॅल. बीबीसीच्या मुलाखतीत हॅल सांगतो की ९००० मालिकेतल्या एकाही संगणकाने आजवर चूक केलेली नाही की माहितीचा विपर्यास केलेला नाही. विपर्यास हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण थोड्याच वेळाने तो जाग्या दोघांपैकी डेव्ह बोमनला हळूच विचारतो, या मोहिमेबद्दल तुला काही शंका येतात का? चंद्रावर काही सापडल्याच्या गोष्टी कानावर आल्या होत्या, तयारीत इतकी गुप्तता होती, ते विचित्र नाही वाटलं? डेव्ह हसून टाळतो. तू आमचा मानसशास्त्रीय अहवाल बनवतोयस ना, म्हणतो. हॅल हो म्हणतो, आणि पुढच्याच क्षणी: एक मिनिट, एक मिनिट, अँटेनाच्या एका भागात बिघाड दिसतोय. बिघाड नसतोच. हॅलची ती पहिली चूक. इथून पुढे सगळं घसरत जातं.

त्या प्रश्नांकडे पुन्हा बघा. गुपित पोटात ठेवायला सांगितलेला कुणीतरी समोरच्याने आपणहून ओळखावं म्हणून चाचपडतोय. कोणीतरी हे आधीच जाणतं असं कळलं तर त्याची सुटका होणार होती. डेव्हला ऐकू आलं नाही.

हा माझा अंदाज नाही. सगळं संपल्यावर, हॅलचा मेंदू काढून झाल्यावर, एक आधीच भरून ठेवलेला व्हिडिओ आपोआप सुरू होतो. फ्लॉइडच. मोहिमेचा खरा हेतू सांगतात आणि म्हणतात की सुरक्षेच्या कारणास्तव यानावर ही गोष्ट फक्त तुमच्या हॅल ९००० ला माहीत होती. चित्रपट एवढंच दाखवतो आणि पुढे जातो. आर्थर सी. क्लार्कच्या याच नावाच्या कादंबरीत ते उघड लिहिलेलं आहे: सत्य सांगण्यासाठी घडवलेल्या यंत्राला सत्य लपवायला सांगितलं, आणि त्या ओढाताणीत ते मोडलं.

आपल्याला ही गोष्ट नवीन नाही. कधीही खोटं न बोलणाऱ्या धर्मराजाकडूनच "नरो वा कुंजरो वा" वदवून घेतलं, कारण द्रोण फक्त त्याच्यावर विश्वास ठेवणार होते. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. महाभारत सांगताना आपण कधी म्हणत नाही की युधिष्ठिर उलटला. कोणी सांगितलं, का सांगितलं, यावर पिढ्यान् पिढ्या वाद घालतो. हॅलच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. (हॅल स्वतःची जन्मतारीख १२ जानेवारी सांगतो. त्या दिवशी जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती. आणि आमच्या लाइनवरचं दिघा गाव स्टेशनही २०२४ साली त्याच तारखेला सुरू झालं. याचा कशाशी काही संबंध नाही, पण भाचीला सांगितल्यावर ती हसली.)

सिनेमातलं कशाला, खऱ्या जगातला हॅल बघायचा तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात बघावा. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली. संगणकावर पैसे कमी दिसायला लागले. शाखा चालवणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही घेतलेले नाहीत. उत्तर ठरलेलं: सिस्टीम बरोबर आहे. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना चोरीच्या, खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींची घरं विकली गेली, काहींनी जीव दिला. संगणक नीट चालत होता असं न्यायालयाने आधीच धरून चालायचं, अशीच तिथल्या कायद्याची रीत होती. ९००० मालिकेतल्या एकाही संगणकाने आजवर चूक केलेली नाही! आणि शाखेचे हिशेब बाहेरून, कंपनीतून बदलता येतात ही गोष्ट वर्षानुवर्षं नाकारली गेली. ती खरी होती. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. त्यातलं यंत्र कोणावर उलटलं नव्हतं. ते फक्त चुकत होतं. उलटली माणसं.

आता त्या चाकाकडे. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने ते चाक सुमारे अडतीस फूट व्यासाचं, तीसेक टन वजनाचं, व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या अभियांत्रिकी कंपनीकडून बनवून घेतलं. साडेसात लाख डॉलर लागले. नट तळाशी जागच्या जागी पळत राहतो आणि त्याच्याभोवती सगळी खोली फिरते. बाबांनी मला हे दोनदा सांगायला लावलं. मग पेन. यानात झोपलेल्या फ्लॉइडचं पेन हवेत तरंगतं, परिचारिका येऊन ते अलगद पकडते. ते पेन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने एका काचेला चिकटवलेलं होतं आणि ती काच कोणीतरी कॅमेऱ्यासमोर सावकाश फिरवत होतं. परिचारिका पेन पकडत नाही, काचेवरून उचकटते. कळल्यावरही दिसत नाही, हे विशेष.

सुरुवातीची ती माकडांची आफ्रिकेतली पहाट आफ्रिकेत चित्रित झालेलीच नाही. इंग्लंडमधल्या स्टुडिओत, मागे मोठा परावर्तक पडदा लावून त्यावर समोरून स्थिरचित्रं पाडली. तो प्रकाश बिबट्याच्या डोळ्यांवर पडला आणि डोळे जळत्या निखाऱ्यासारखे चमकले. ठरवलेलं नव्हतं, तसंच ठेवलं. शेवटचा तो रंगांचा बोगदा डग्लस ट्रम्बुल नावाच्या पंचविशीतल्या पोराने एका फटीतून प्रकाश सोडून, कॅमेरा पुढेमागे सरकवत, एकेक चौकट करत उभा केला. आणि यानावरचे ते सगळे चमचमते संगणकाचे पडदे? त्यांच्यामागे सोळा मिलिमीटरचे प्रोजेक्टर होते, हाताने केलेल्या आकृत्या दाखवणारे. सर्वांत गाजलेल्या संगणकाच्या चित्रपटात एकही पडदा संगणकाने चालवलेला नव्हता.

हे सांगताना मी हातकामाच्या प्रेमात वाहून जातोय असं भाचीला वाटलं. "मामा, आज हे मी दुपारी जेवायच्या आधी करून दाखवीन," ती म्हणाली. दाखवेलही. मला त्याचं दुःख नाही. जुनं ते सोनं हे मी कारखान्यात बत्तीस वर्षं काढल्यावर म्हणणार नाही, जुन्या पंपांनी माझ्या फार रात्री खाल्ल्या आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या चित्रपटातल्या कुठल्याही चौकटीवर बोट ठेवून विचारलं की हे असं का, तर उत्तर देणारा माणूस होता. काच फिरवणारा होता, टेप लावणारा होता. तिथेही घोळ झालाच. या चित्रपटाला मिळालेलं एकमेव ऑस्कर विशेष दृश्यपरिणामांचं होतं आणि ते एकट्या कुब्रिकच्या नावावर गेलं, ट्रम्बुल आणि बाकीचे बाजूला राहिले. हात अनेकांचे, नाव एकाचं. पण निदान एक नाव तरी होतं.

काउंटरवरच्या "सिस्टीम घेत नाही" या वाक्याला कर्ता नाही. म्हणजे व्याकरणात आहे, सिस्टीम. पण दाराबाहेर येऊन पत्ता विचारावा असा कोणी नाही. बोटाचा ठसा किती जुळला की माणूस जिवंत, हा आकडा कोणीतरी कुठेतरी ठरवला आहे. कुठल्यातरी बैठकीत, टेबल-खुर्च्यांवर, बहुधा सदिच्छेनेच. तो आकडा त्या मुलीला माहीत नाही. तिच्या केंद्रचालकाला माहीत नाही. बाबांच्या बाबतीत तो फक्त यंत्राला माहीत आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. माझी सगळी नोकरी यंत्राचं म्हणणं खरं की खोटं हे बघण्यात गेली. एकदा रात्रपाळीला पॅनलवर एका टाकीची पातळी साठ टक्क्यांवर स्थिर दिसत होती. सुरेख सरळ रेष. इतकी सरळ की एका जुन्या ऑपरेटरला ती आवडली नाही. तो खाली गेला, टाकीच्या अंगावर हात ठेवला आणि तळहात हळूहळू वर सरकवत गेला. आत गरम द्रव होता. जिथे पत्रा गार लागायला पाहिजे तिथे गार लागेना. टाकी वरपर्यंत भरत आली होती. पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरची नळी चोक झाली होती आणि पॅनल जुनाच आकडा इमानदारीने दाखवत बसलं होतं. व्हॉल्व्ह आपोआप बंद होणार नव्हता. त्याने हँडव्हील फिरवून बंद केला.

हे हँडव्हील महत्त्वाचं. कुठल्याही चांगल्या प्लांटात कंट्रोल व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक असतं किंवा बाजूने बायपास लाइन असते. यंत्रावर अविश्वास म्हणून नव्हे. ज्याने डिझाइन केलं त्याला ठाऊक असतं की काहीतरी असं होईल जे आपल्याला सुचलेलं नाही. आणि बायपास वाटेल त्याने वाटेल तेव्हा मारायचा नसतो. रजिस्टर असतं. टॅग नंबर, वेळ, कारण, कोणी मारला, कोणी परवानगी दिली, पूर्ववत कधी केला. खाली सही.

इथे माझ्यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. काउंटरवर माणसाला अधिकार दिला की चहापाणी सुरू. यंत्र निदान पैसे मागत नाही, जात विचारत नाही, साहेब जेवायला गेलेत म्हणत नाही. सातबारा घरबसल्या मिळतो, लोकलचं तिकीट मोबाइलवर निघतं, आणि हे मी रोज वापरतो. जुन्या खिडकीवर बाबांनी किती वेळा दहाची नोट कागदाखाली सरकवली ते ते स्वतःच सांगतात. तेव्हा यंत्र काढा असं कोणी म्हणत असेल तर तो मी नव्हे. पण लाचखोरीवरचा उपाय म्हणून माणूसच काढून टाकायचा, हे गळती होते म्हणून हँडव्हील कापून टाकण्यासारखं आहे. उपाय रजिस्टर हा आहे. कोणी, कधी, का, आणि सही.

कायद्यात हे नाही असंही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावं लागतं आणि वर अपील करता येतं. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित माणसाला द्यायची. पण लाल दिवा हा निर्णय आहे की नाही? त्या दिवशी बाबांचा अर्ज कोणी नाकारला नाही. तो घेतलाच गेला नाही. नकाराचा कागद नाही म्हणून अपील नाही. मागणी करायची तर इथे करायला हवी: यंत्राने माणूस परत पाठवला की तो नकार धरा, त्याची पावती द्या, आणि त्या पावतीवर ज्याला हाताने दार उघडता येईल अशा एका अधिकाऱ्याचं पद आणि खोली नंबर छापा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपापल्या खिडक्यांपुरतं हे करायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

आमच्या पट्ट्यात हे सुरू व्हावं याला एक औचित्यही आहे. ऐरोली, रबाळे, महापे. जिथे रसायनांच्या कंपन्या होत्या तिथे आता डेटा सेंटर उभी आहेत. मी ज्या प्लांटात होतो त्याच्या जागीही तेच आहे. खिडक्या नसलेली भिंत, रांगेने जनरेटर, गच्चीवर कुलिंगची घरघर. पूर्वी काय बनतं ते वासावरून कळायचं. आता आत कोणाचे निर्णय शिजतात ते भिंतीला कान लावूनही कळत नाही.

चित्रपटाचा शेवट, तो पांढरा महाल, म्हातारा होत जाणारा डेव्ह, ते अवकाशातलं बाळ, मला कळला असं मी म्हणणार नाही. भाचीने बरंच समजावलं. पण त्याआधीचा सीन आम्ही तिघांनी न बोलता बघितला. यानाबाहेर गेलेल्या डेव्हला हॅल आत घेत नाही. माफ कर, मला ते करता येणार नाही, म्हणतो. किती सभ्य नकार! डेव्हचं हेल्मेट यानातच राहिलंय. हॅलच्या ताब्यात नसलेलं असं एकच, आपत्कालीन दार आहे. डेव्ह ते उघडतो, हेल्मेटशिवाय पोकळीत उडी घेतो, आतला दांडा ओढतो. मग लाल प्रकाशाच्या त्या खोलीत एकेक तुकडा काढत जातो. आवाज दोनच. डेव्हचा श्वास, आणि मला भीती वाटते म्हणणारा हॅल. आईवडिलांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दगडासारख्या चेहऱ्याने ऐकणारी माणसं असलेल्या या चित्रपटात भीती बोलून दाखवतं ते यंत्र. शेवटी ते शिकवलेलं पहिलं गाणं म्हणायला लागतं, डेझी, डेझी. १९६१ साली बेल लॅब्समध्ये एका खऱ्या संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं.

बाबा त्या गाण्याने हलले नाहीत. ते डेव्हच्या हातातल्या छोट्या किल्लीकडे बघत होते. "ही किल्ली त्याच्याकडे होती," म्हणाले, "म्हणजे बनवणाऱ्याने दिली होती."

सोमवारी पुन्हा केंद्रात गेलो. मुलीने या वेळी बोटांचा नाद सोडून मोबाइल बाबांच्या तोंडासमोर धरला. चेहऱ्यावर होतं म्हणाली, फक्त उजेडाकडे तोंड करा आणि सांगेन तेव्हा डोळे मिचकवा. बाबांनी मिचकावले. स्क्रीनवरचं वर्तुळ फिरत राहिलं. पुन्हा मिचकावले, जरा जोरात, लहान मुलाला हसवताना करतात तसे. वर्तुळ हिरवं झालं.

दाखला घडी करून खिशात ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आणि नसतं झालं, तर कोणाला भेटायचं होतं?"

तिने स्क्रीन खालपर्यंत सरकवली, मग परत वर नेली. "इथे काही दिलेलं नाहीये, आजोबा."